अंगठा आणि मूठ

यंत्राने माणसाच्या हाताशी जुळवून घ्यावे, की माणसाने आपला हात यंत्राशी जुळवून घ्यावा? प्रश्न दिसायला कारागिराचा आहे. पण मला तो नीतीचा वाटतो.

1964 साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत संगणकाचा पहिला ‘माऊस’ तयार झाला. लाकडाचे लहानसे खोके, खाली दोन चाके, वर एक कळ! 2009 साली प्रणव मिस्त्री या तरुणाने गळ्यात कॅमेरा व प्रक्षेपक अडकवून, बोटांना रंगीत टोपणे लावून, भिंतीवरची चित्रे नुसत्या हातवाऱ्यांनी हलवून दाखविली. उद्याची यंत्रे बोलण्याने, नजरेने, इशाऱ्याने चालतील म्हणतात. चालोत बापडी! पण असा प्रत्येक प्रायोगिक नमुना म्हणजे माणसाला विचारलेला एक प्रश्नच असतो: ‘बाबा रे, हे तुला जमेल का?’ विचारणाऱ्याने उत्तरासाठी थांबावे, एवढीच माझी अट आहे.

असे थांबावे कसे, हे सांगली जिल्ह्याला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिली दोन वर्षे त्या नांगराला गिऱ्हाईक मिळाले नाही, असे सांगतात. शेतकरी चुकत होता. पण ‘नको’ म्हणण्याचा त्याचा हक्क शाबूत होता. नांगराची मूठ त्याच्या हातात द्यायची, तर आधी त्याचे मन वळवणे भाग होते. 1910 साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तोवर ते वळूही लागले होते.

आता साताऱ्याकडे पाहा. 1959 साली इथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभर राबलेली प्रौढ माणसे पाटी घेऊन बसली. अंगठा सोडून सही करायची, हीच त्यांची प्रतिष्ठा! आणि आज शिधावाटपाच्या दुकानातले यंत्र पुन्हा अंगठाच मागते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला मी त्या रांगेत पाहिले. उसाच्या फडात जन्म गेलेला. अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या. ती अंगठा पदराला पुसे, पुन्हा टेकवी. यंत्र ओळख देईना. दुकानदार तिला ओळखत होता, रांग ओळखत होती, मी ओळखत होतो. शब्द चालला तो मात्र यंत्राचा.

यंत्रामुळे लबाडीला आळा बसतो, हे मी नाकारीत नाही. अडल्यावेळी दुसरी वाटही ठेवलेली असते. पण ती शोधायची तिने, हात जोडायचे तिने! नांगर नको म्हणणारा घरचा लाकडी नांगर धरून पेरणी करू शकत होता. या यंत्राला नको म्हणणारीची चूल पेटत नाही. जिथे नकाराला जागा उरत नाही, तिथे करणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

माझ्या वर्गातली पोरे उद्या अशी यंत्रे करतील. त्यांना मी एवढेच सांगतो: पोरांनो, पहिला नमुना घेऊन आधी उसाच्या फडात जा. तिथल्या हाताने जो चालेल, तो कुणाच्याही हाताने चालेल.