पाहणाऱ्याचा अधिकार

सौंदर्य पाहून होणारा आनंद निर्हेतुक असतो, असें कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. आम्ही सामान्य वाचक त्याचा अर्थ असा करतों कीं, ज्याला फुलापासून कांहीं मिळवावयाचें नाहीं, त्यालाच तें खरें दिसतें. गढवालांतील ‘फुलांच्या दरींत’ एक दिवस काढीपर्यंत या अर्थाविषयीं मला कधीं शंका आली नव्हती.

हिमालयांत तेवढ्या उंचीवर फुलांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. घांघरियाहून सकाळीं निघालों तेव्हां दाट धुकें होतें. तें उठलें आणि पुष्पावती नदीच्या वरचे हिमाच्छादित कडे एकदम समोर उभे राहिले. परंतु पायांपाशीं इतकें कांहीं फुललें होतें कीं, वर पाहण्यास सवडच होईना. निळे जिरेनियम, पिवळीं पोटेंटिला, आपल्या परसांतील तेरड्याचे छातीइतके उंच भाऊबंद, आणि एका खडकाच्या आडोशाला खसखशीच्या कुळांतील तें प्रसिद्ध निळें फूल : पाकळ्या रेशमासारख्या तलम, आणि देठावर मात्र कांटे!

कामेट शिखर चढून परततांना फ्रँक स्माइथ व त्याचे सोबती १९३१ सालीं या दरींत उतरले. १९३७ मध्यें तो पुनः आला, बीं-रोपें घेऊन गेला, आणि पुढल्या वर्षीं त्याचें या दरीवरील पुस्तक प्रसिद्ध झालें. १९३९ सालीं जोन मार्गारेट लेग ही इंग्रज बाई फुलें गोळा करतांना घसरून मरण पावली. तिचें थडगें दरींतच आहे. तेथें उभा असतां मनांत आलें, या सर्वांना फुलांपासून कांहींना कांहीं हवें होतें. मला मात्र कांहींच नको. या विचारानें मला बरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

थोडें पुढें एक सबंध उतार पांढुरक्या-गुलाबी तुऱ्यांनीं भरलेला दिसला. मीं त्याची तोंडभर स्तुति केली. बरोबरचा वाटाड्या खालच्या भ्यूंडार गांवचा. तो हसून म्हणाला, “हा अमेला, बाबूजी. हा माजला म्हणजे खालीं दुसरें कांहीं उगवत नाहीं. सरकार माणसें लावून उपटवितें; मींही उपटला आहे.” त्याच्या आजाच्या मेंढ्या याच उतारावर चरत असत, हेंही त्यानें सांगितलें.

१९८२ सालीं ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई बंद पडली; २००५ सालीं ती जागतिक वारशांत गणली गेली. मेंढ्या गेल्यामुळेंच अमेला पसरला असें कांहीं अभ्यासक म्हणतात, इतरांस तें मान्य नाहीं. त्या वादांत पडण्याचा माझा अधिकार नाहीं. मला टोंचलें तें निराळेंच. मला येथील गवताची गरज नाहीं, याचें कारण माझें मन शुद्ध आहे हें नव्हे. माझ्या पिशवींतल्या पोळ्यांचें पीठ सपाटीवरून खेचरांच्या पाठीवर चढून आलें होतें, एवढेंच. ज्याचें पोट दुसऱ्या कोणाच्या शेतावर भरतें त्याला निरपेक्ष होणें फारसें जड जात नाहीं. उलट, ज्याला गवत हवें होतें त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला कोठें काय उगवतें आणि काय वाढूं देऊं नये, याची पुरती जाण असली पाहिजे. माझ्या निर्हेतुक दृष्टीला मात्र दरीचा वैरी तेवढा सुंदर दिसला! आणि अशा डोळ्यांना निर्वेध पाहतां यावें म्हणून त्या मेंढपाळाचे वंशज कायद्यानें दरीबाहेर राहिले आहेत.

मग मेंढ्या परत याव्यात कीं काय? मीं वाटाड्याला तसें विचारलेंही. तो बराच वेळ बोलला नाहीं. त्याचा मुलगा प्रवाशांसाठीं खेचरें हांकतो, आणि प्रवासी येतात ते फुलांसाठीं. “मेंढ्या आल्या तर त्यांना राखणार कोण?” असें म्हणून तो पुढें चालूं लागला.

दरींत रात्रीं राहण्याची मनाई आहे. तिसऱ्या प्रहरीं आम्ही माघारीं फिरलों तेव्हां अमेल्याचा तो उतार पुनः लागला. तिरप्या उन्हांत तो सकाळपेक्षांही सुंदर दिसत होता, आणि त्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हें मला कळेना.