घर केवढे असावे?



जुने घर पडायला आलेले असते. मुलगा म्हणतो, आता पक्के बांधू. जागा गुंठाभर, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि त्यातही भावांची वाटणी. हाती पैसा बेताचा. अशा वेळी घर केवढे बांधावे, हा प्रश्न येतो. तो गवंड्याला विचारायचा वाटतो, परंतु तो परमार्थाचाही आहे. ऐपतीबाहेरचे कर्ज काढून बांधले की पुढे कितीतरी वर्षे हरिपाठाला बसल्यावरही चित्तात हप्ताच उभा राहतो.

इथे कोणी शंका घेईल. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत ‘अनिकेत’ हा शब्द आला आहे. ज्याला घर नाही तो अनिकेत. मग भक्ताने घराचा विचार तरी का करावा? याचे समाधान असे की, अनिकेत म्हणजे उघड्यावर राहणारा नव्हे. घरात राहूनही घरात न अडकणारा. गोरोबाकाका, सावता महाराज, नाथ महाराज, तुकोबाराय, सगळे प्रापंचिकच होते. आपला संप्रदाय घर सोडा म्हणत नाही. तेव्हा घर बांधावे, लहान बांधावे आणि विचाराने बांधावे.

लहान म्हणजे किती? सरकारी ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे. तेवढ्यातही संसार होतो, रचना नीट असेल तर. ४०० चौरस फुटांचे घर २० बाय २० चे आखले तर बाहेरची भिंत ८० फूट भरते. तेच ४० बाय १० चे आखले तर १०० फूट. घर तेवढेच, भिंत मात्र सव्वापट. विटा, सिमेंट, गिलावा सगळे त्या मानाने वाढते. पूर्वीच्या दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींनी २० बाय २० च्या घरात आत २५६ चौरस फूट जागा उरे. नऊ इंची विटेच्या भिंतीत ३४२ उरते. पण त्या जाड भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवीत आणि त्यांच्या पोटातच कोनाडे, फडताळे असत. भिंत बारीक झाली, कोनाडे गेले, लोखंडी कपाटे आली आणि वाचलेली जागा त्यांनी अडवली. म्हणून बांधतानाच भिंतीत फडताळ आणि वर माळा काढून घ्यावा. मधला बोळ टाळावा. दार खोलीच्या कोपऱ्याकडे ठेवावे, म्हणजे लांब भिंत मोकळी राहते. खिडक्या समोरासमोर असाव्यात, म्हणजे वारा खेळतो.

एवढे गवंडीही सांगेल. खरी परीक्षा पुढे आहे. जागा कमी पडली की काय कापायचे? कीर्तनाच्या निमित्ताने गावोगावच्या घरांत मुक्काम झाले, त्यात पाहिले ते सांगतो. नव्या घरात आधी ओसरी जाते, मग म्हाताऱ्यांची जागा जाते. बैठकीच्या खोलीत कोच आणि टीव्ही ऐसपैस बसतात आणि आजोबांची बाज जिन्याखाली जाते.

पुंडलिकाची कथा आपण सारे जाणतो. आईवडिलांची सेवा चालू असता देव दारी आला. पुंडलिक उठला नाही, त्याने वीट पुढे केली. नीट पाहा, ही जागेचीच वाटणी आहे. आईबाप आत, देव बाहेर विटेवर. देवाने त्यावर तक्रार केली नाही, तो अजून तिथेच उभा आहे. म्हणून देवघर कोनाड्यात असले तरी चालेल. देवाला संगमरवरी मखर आणि आई जिन्याखाली, तर त्या पूजेला काय म्हणावे?

म्हाताऱ्या माणसाची जागा संडासाजवळ धरावी. मध्ये पायरी नको. संडासाचे दार तीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर दार अडत नाही. भिंतीला धरायला कडी असावी. ही पुंडलिकाचीच सेवा आहे, फक्त गवंड्याच्या हातून. आणि ही सेवा पुढे रोज करणार आहे ती सून, तिचाही विचार हवा. तिला आडोशाची खोली आणि स्वयंपाकघरात खिडकी नसेल, तर सेवेचे ओझे होते आणि दोष मात्र तिला लागतो.

राहिला अतिथी. तमिळनाडूत तिरुक्कोवलूर हे वैष्णवांचे क्षेत्र आहे. तिथली कथा अशी. पावसाळी अंधाऱ्या रात्री एक आळवार संत एका चिंचोळ्या ओसरीत निजले होते. दुसरे आले. पहिले म्हणाले, इथे एकाला निजता येते, दोघांना बसता येईल. तिसरे आले, तेव्हा तिघे उभे राहिले. मग अंधारात आणखी कोणी दाटीवाटीने शिरल्याचे त्यांना जाणवले. तो चौथा म्हणजे नारायण. देहली म्हणजे उंबऱ्याजवळची जागा. त्यावरून वेदान्तदेशिकांनी तिथल्या देवाला देहलीश म्हटले आहे. तिघांनी सरकून जागा केली, म्हणून चौथा आला. वारीत एका राहुटीत अंग चोरून निजणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. अडचण एवढीच की घरी आल्यावर आपण ते विसरतो.

तेव्हा माउली, जमिनीवर चुन्याची रेघ मारून आखणी झाली की लगेच पाया खणू नका. त्या रेघांच्या आत खरोखरच अंथरुणे टाकून पाहा. आधी आईवडिलांचे, मग मुला-सुनेचे, नातवंडांचे आणि शेवटी अवेळी आलेल्या एका वारकऱ्याचे. सगळी मावली तर घर पुरेसे आहे, त्याहून मोठे करू नका. एखादे मावले नाही, तर रेघ पुसून पुन्हा मारा. चुना स्वस्त असतो.

रामकृष्ण हरी.