कुंकवातले बोरॉन आणि चार्वाकाचा विडा

विड्याचे पान, सुपारी आणि चुना या तिघांत लाल एकही नाही, तरी विडा चावला की तोंड रंगते. (कात आपण नंतर घातला, मूळ दाखल्यात तो नाही.) एवढ्याशा गोष्टीवर चार्वाकमताने केवढा दावा उभा केला! पृथ्वी, आप, तेज, वायू यांपैकी एकातही चैतन्य नाही, पण ती देहरूपाने एकत्र आली की चैतन्य उपजते आणि देह मोडला की तेही सरते. नांदेड-लातूरच्या माणसाला याहून सरस दाखला घरच्या करंड्यात सापडतो. नांदेडच्या मोंढ्यात हिंगोली-नांदेड पट्ट्यातली हळद येते. जुन्या रीतीचे कुंकू अशाच हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी लावून करत. सवागी म्हणजे टाकणखार, सोनार डाग देताना वापरतो तोच. पिवळे हळकुंड, पांढरा खार, आंबट रस, आणि निपजते ते लाल. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कुंकवाने हे कष्ट सोडून दिले आहेत, पण दाखला त्याने खोटा पडत नाही.

ही लाली चुन्याच्या लालीपेक्षा वेगळी आहे. चुन्याने हळद लाल होते खरी, पण वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी पडते. टाकणखारातले बोरॉन मात्र आंबटपणातच कामाला लागते. आम्लात त्याचे बोरिक आम्ल होते, आणि हळदीतल्या कुर्क्युमिनचे दोन ऑक्सिजन त्या बोरॉनला खेकड्याच्या नांगीसारखे धरून ठेवतात. बोरॉन इलेक्ट्रॉनांचा कायमचा भुकेला. तो रेणूतले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यांच्या ऊर्जेच्या पायऱ्यांमधले अंतर घटते, निळ्याच्या जोडीने हिरवा प्रकाशही शोषला जातो आणि डोळ्यापर्यंत लाल तेवढा पोचतो. म्हणूनच रसायनशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात. साध्या बोरिक आम्लाऐवजी दोन फ्लोरीन बाळगणारे बोरॉन त्याच जागी बसवले तर कुर्क्युमिनचा रेणू नुसता रंगत नाही, प्रकाश टाकल्यावर झळाळून उठतो.

प्रकाश देणारे पॉलिमर घडवणारे याच युक्तीवर चालतात. एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असलेल्या कार्बनच्या साखळीत इलेक्ट्रॉन एका जागी अडकून राहत नाहीत. अशी साखळी वीज वाहू शकते हे 1977 मध्ये दिसले, त्यासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना 2000 चे नोबेल मिळाले. 1990 मध्ये केंब्रिजच्या गटाने अशाच एका पॉलिमरमधून विजेवर प्रकाश काढून दाखवला. बोरॉनचे चमकदार रंगद्रव्य त्याआधीच, 1968 मध्ये, ट्राइब्स आणि क्रॉयत्झर यांना जर्मनीत मिळाले होते. दोन्ही धागे जोडण्याचे काम क्योटोच्या चुजो यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी केले. यात बोरॉन स्वतः दिवा होत नाही. तो रेणूच्या लवचिक भागाला खीळ घालून सपाट आणि ताठ करतो. मग घेतलेली ऊर्जा हलण्या-वळण्यात उष्णता होऊन वाया जात नाही, प्रकाश होऊन बाहेर पडते. पण हेच सपाट रेणू एकमेकांवर चिकटून बसले तर उजेड मंदावतो. म्हणून त्यांच्या अंगाला लांब बाजूसाखळ्या लावून त्यांना दूर ठेवावे लागते. नुसती सामग्री एकत्र केली की काम झाले, असे इथे मुळीच नाही.

इथे चार्वाकाचा दाखला बळकट होतो आणि तिथेच त्याच्या हातून निसटतोही. बळकट अशासाठी की घटकांत नसलेला गुण रचनेतून येतो, त्याला दैवी हात लागत नाही, हे आता नुसते म्हणणे उरलेले नाही. निसटतो अशासाठी की हा गुण आधीच मोजता येतो. बोरॉनची रिकामी जागा, साखळीची लांबी आणि पायऱ्यांमधले अंतर ठाऊक असेल, तर पॉलिमर साधारण कोणत्या रंगात उजळेल याचा अंदाज तो घडवण्याआधी कागदावर बांधता येतो. कार्य कारणात आधीच असते असे सांख्य म्हणतात. या उजेडापुरते त्यांचे म्हणणे मला नैयायिकांच्या ‘नव्याने उपजले’पेक्षा जवळचे वाटते. मात्र हिशेबातून निघते ती तरंगलांबी. लाल ‘दिसणे’ त्यात कुठेच नाही. विड्याच्या दाखल्यात रंग पाहणारा आधीपासून बसलेला आहे, आणि ज्याची उत्पत्ती सिद्ध करायची त्यालाच साक्षीला बोलावलेले आहे. यावर चार्वाकपक्ष म्हणेल, उद्या दिसण्याचाही हिशेब लागेल. लागेलही. पण मग तो त्या हिशेबाच्या बळावर जिंकेल, विड्याच्या नव्हे.

वेदान्त्याने एवढ्यावर हर्षून जाऊ नये. आपल्याकडे गीतेच्या टीकांना नावे द्यायची ती दीपिका, ज्ञानेश्वरांची भावार्थदीपिका आणि वामन पंडितांची यथार्थदीपिका. दिव्यावर आपला जीव आहे. तरीही आत्मा दिव्यासारखा स्वयंप्रकाश, हे उपमेने सिद्ध होत नाही. दिव्यात अंधारच नसेल तर तो स्वतःला उजळतो कसा, असे नागार्जुनाने कधीच विचारून ठेवले आहे. आणि बोरॉनचा पॉलिमर तर उघड ऋणको आहे: वीज किंवा प्रकाश घेतल्याशिवाय तो उजळत नाही, आणि घेतलेले पुरतेपणी परतही देत नाही. शंकराचार्य इथे जास्त सावध होते. दिवा असला तरच दिसते, म्हणून दिसणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही, एवढेच ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात त्यांनी देहात्मवाद्याला सुनावले. त्या उत्तराने देहाचा दावा अडतो. आत्म्याचा दावा त्यामुळे आपोआप वसूल होत नाही, त्याला वेगळा पुरावा लागतो.

कोणी म्हणेल, उपमेला पुराव्याच्या तराजूत घालणे हाच अरसिकपणा. पण काही परंपरांनी ही उपमा पुराव्यासाठी वापरलेलीच नाही. 1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाकडे सोपवले, आणि दहाही गुरूंत एकच जोत होती अशी शिखांची श्रद्धा आहे. जोतीचे हे एकातून दुसऱ्यात जाणे रसायनातल्या ऊर्जेच्या हस्तांतरासारखे नाही. पॉलिमरच्या साखळीने घेतलेली ऊर्जा बोरॉनच्या ठिकाणी उतरते तेव्हा प्रत्येक उतरणीवर काही ना काही गळते, म्हणून बाहेर पडणारा रंग शोषलेल्या रंगाहून तांबड्याकडे सरकलेला असतो. दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचे काही घटत नाही, कारण दुसऱ्याला तेल त्याचे स्वतःचेच लागते.