पात्र

वनपर्वात एक प्रसंग आहे. द्यूतात सर्वस्व हरवून पांडव वनात निघाले, त्यांच्यामागे ब्राह्मणांचा समुदायही निघाला, आणि उद्याच्या घासाची स्वतःलाच शाश्वती नसताना या सर्वांना काय खाऊ घालायचे या काळजीने युधिष्ठिर व्याकूळ झाला, तेव्हा धौम्य ऋषींनी त्याला सूर्याची आराधना करायला सांगितले. सूर्यनारायण प्रसन्न झाले आणि त्यांनी धर्मराजाच्या हाती तांब्याचे एक पात्र ठेवले. सज्जनहो, इथे क्षणभर थांबावे. जो साऱ्या अन्नाचा जनक, त्याला धान्याच्या राशी ओतणे काय अवघड होते? तरी त्याने पात्र दिले, आणि द्रौपदीचे जेवण होईपर्यंत रोज त्यातले अन्न सरणार नाही असा वर दिला. देवाच्या देण्यालाही घेणाऱ्याच्या घरी एक भांडे लागते, आणि त्या भांड्याला दिवसाची मर्यादा व वापराचा नेम असतो. बारामती-इंदापूरच्या गरिबाच्या घरावर सौरपॅनेल बसवण्याचा विषय या पात्राच्या अंगाने समजून घ्यावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

आपला प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पावसाने इथे हात आखडता घेतला, म्हणून नीरेचा डावा कालवा खणला गेला, भीमेवर उजनीचे धरण झाले, आणि तरीही जिरायती पट्टा टँकरची वाट पाहतच राहिला. पण उन्हाच्या बाबतीत या भूमीला कधी उणे पडले नाही. शिर्सुफळच्या माळावर महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला तो याच उन्हाच्या भरवशावर. तेच ऊन बारामतीच्या बंगल्यावर पडते आणि वस्तीतल्या पत्र्यावरही पडते. तेज तेच, सूर्य तोच, आणि तरी एका घरात त्याची वीज होते व दुसऱ्या घरात नुसता ताप होतो. हा भेद पात्राचा आहे.

सरकारी अर्जातही हाच शब्द भेटतो: पात्र, अपात्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवून प्रधानमंत्री सूर्यघर योजना आणली. पहिल्या दोन किलोवॅटना दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅटला मिळून ७८,००० रुपये असे अनुदान ठरले. ज्याच्या गाठीला पैसा होता त्याने लाभ घेतला. पण एक किलोवॅटचा संच ५०,०००च्या घरात जातो, आणि अनुदान वजा जाता उरलेले २०,००० रुपये रोजंदारीच्या घरात कुठून यायचे? म्हणून २०२५ मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ योजना आणून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांकडे आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांकडे पाहिले. दारिद्र्यरेषेखालील घराला राज्याचे १७,५०० रुपये, स्वतःचे फक्त २,५००. अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला स्वतःचे ५,०००, इतरांना १०,०००. ग्रामीण आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांना राज्याने जे वाढीव ५०,००० रुपये देऊ केले, त्यातले १५,००० याच सौरसंचासाठी राखले. या आकड्यांच्या पोटात एक मोठा पालट आहे. काल ऐपत ही पात्रता होती, आज गरज ही पात्रता झाली. संतांनी अध्यात्मात जे केले, म्हणजे ज्यांना अधिकार नाकारला होता त्यांचाच अधिकार पहिला मानला, त्याची सावली एका शासन निर्णयात पडावी, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

तरी पात्राला बूड लागते. अर्ज विचारतो, घर कोणाचे, छत कोणाचे, मीटर कोणाच्या नावावर. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा आणि वाऱ्यात टिकेल असा सांगाडा हवा. ज्याचा पत्रा गळतो, ज्याचा वासा वाकला आहे, जो भाड्याच्या खोलीत राहतो, ज्याच्या वडिलांच्या नावावरचे मीटर त्यांच्यामागे कोणी बदलून घेतलेच नाही, तो कागदावर गरीब म्हणून पात्र असून छताच्या रकान्यात अपात्र ठरतो. नगरपरिषदेचे काम इथे सुरू होते. वीजकंपनी ग्राहक पाहते, बँक तारण पाहते. घर पाहणारी संस्था नगरपालिका आहे, तिच्याच दप्तरी घरपट्टीची नोंद आणि घरकुलाची यादी असते. अपात्राला अपात्र म्हणून परत पाठवणे हा कारकुनी धर्म झाला. त्याला पात्र करून घेणे हा राजधर्म आहे.

आणखी एक पदर उलगडावा. भोक पडलेल्या घागरीत कितीही ओतले तरी ती रितीच राहते. तसे तापलेल्या पत्र्याच्या घरात कितीही वीज आणली तरी ती पंख्याच्या पात्यांवर वाया जाते. आपल्या आजोबांची माळवदाची घरे पाहा: जाड भिंत, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर, आणि चैत्र-वैशाखातही आत गारवा. ती माती गेली, पत्रा आला, आणि दुपारी घरात बसवेना. त्या पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, आतून साधे छत लावले, वाऱ्याला समोरासमोर वाट ठेवली, तर घराची तहानच कमी होते. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. बारा तास फिरला तर रोजचे अर्धे युनिट वाचते, आणि एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सुमारे चारच युनिटे देते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अर्ध्या युनिटाचे मोल कळते. म्हणून क्रम असा असावा: आधी छत, मग पंखा, मग पॅनेल. आधी भोक बुजवावे, मग पात्र भरावे.

पात्राला नेम असतो, असे आपण म्हटले. पॅनेलवर आपल्या माळाची धूळ बसते. ती आठवड्या-पंधरवड्याने मऊ फडक्याने, ऊन उतरल्यावर धुतली नाही तर तेज समोर असून आत उतरत नाही. आणि हे पात्र एकट्याचे नाही. दुपारी घर कामावर गेलेले असते तेव्हाची वीज नेट मीटरमधून तारेवर जाते, ती शेजारच्या शिलाई मशीनला लागते, आणि रात्री त्या हिशेबातून आपला दिवा उजळतो. लाइन गेली की बॅटरी नसलेला संचही थांबतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाती आपली वीज जाऊ नये. द्रौपदी सर्वांना वाढून मग जेवत असे, या नेमाचे मर्म इथे कळते. महावितरणच्या बारामती परिमंडलात सातारा जिल्हाही येतो. तिथल्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली ती घराघराने मिळून. एका खेड्याला जे साधले ते शहराच्या वॉर्डाला का साधू नये?

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीवरून इंदापुरात येते, तेव्हा वाटेवरच्या लहान घरांतूनही भाकरी पुढे होते. देणाऱ्याची ऐपत तिथे कोणी विचारत नाही. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या असे दिले, त्यांना सूर्याचे देणे घेण्यासाठी पात्र ठरवणे हे उपकार नव्हेत, ते ऋण आहे. म्हणून दोन्ही नगरपरिषदांना विनंती, की वॉर्डनिहाय छतांची पाहणी करावी, मीटरच्या नावांची दुरुस्ती वस्तीत शिबिर घेऊन करावी, आणि घरकुलाच्या नकाशातच पॅनेलची जागा धरावी. आणि वाचकहो, तुमच्याकडे जी बाई भांडी घासायला येते, तिच्या घराचे वीजबिल एकदा मागून पाहा, मीटर कोणाच्या नावावर आहे ते वाचा, आणि तिच्याशेजारी बसून अर्ज भरा. सूर्याने आपले काम केले आहे. पात्र पुढे करण्याचे काम आपले आहे.