देव सोडला, भावकी सोडली नाही

शिमगा जवळ आला की महाड-पोलादपूरकडच्या वाड्यावाड्यांत गावकीची बैठक बसते. पालखी कोणत्या दिवशी कुठल्या अंगणात जायची, मान कोणाचा, घरटी वर्गणी किती, मुंबईकर मंडळाने किती भार उचलायचा, हे सगळे तिथे ठरते. तुमची देवावर श्रद्धा आहे का, असे या बैठकीत कोणी कोणाला विचारत नाही. वर्गणी दिली का, एवढेच विचारतात. त्या बैठकीत देव न मानणारी दोन-तीन माणसे हमखास असतात. एखादा शिक्षक असतो, एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणारा एखादा रसायनशास्त्राचा पदवीधर असतो, कॉलेजात जाणारी एखाद्या घरची मुलगी दाराआडून ऐकत असते. ही माणसेही वर्गणी देतात, पालखीला खांदा देतात आणि घरी येतात. आपल्यासारखे आणखी कोण आहे, हे त्यांना साधारण ठाऊक असते. पण ती एकमेकांना त्या नात्याने कधी भेटत नाहीत.

2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशातून सुमारे 33 हजार माणसांनी स्वतःची नोंद नास्तिक म्हणून करून घेतली. त्यांतली साडेनऊ हजारांहून थोडी अधिक महाराष्ट्रातली होती. फुले, आगरकर, रघुनाथ धोंडो कर्वे, आंबेडकर आणि दाभोलकर यांच्या महाराष्ट्रात एवढीच. देव न मानणारे याहून कितीतरी जास्त आहेत, हे आपण सगळे जाणतो. प्रश्न त्यांच्या संख्येचा नाही, ते एकत्र का येत नाहीत हा आहे.

याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर भीतीचे. ते खोटे नाही. गावकीने कुटुंबाला वाळीत टाकल्याची प्रकरणे आपल्या याच रायगड जिल्ह्यातून इतकी पुढे आली की सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याच्या चर्चेत या जिल्ह्याचे नाव सतत येत राहिले. तो कायदा 2016 मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै 2017 पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण वाळीत पडलेल्या घराशी बोलायचे नाही, त्याच्या लग्नाला जायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, हे कागदावर न लिहिताही पाळता येते. दुसरे उत्तर असे की नास्तिक हा मुळात एकटा विचार करणारा माणूस. कळप सोडूनच तो इथवर आलेला असतो, त्याला पुन्हा कळपात कशाला ओढायचे?

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. तरी त्यांच्या खाली एक तिसरे कारण आहे आणि त्याच्याविषयी आपण बोलत नाही. गावातल्या नास्तिकाला संघटनेची गरज भासत नाही, कारण त्याचे सगळे काम त्याची जात करून देते. लग्न भावकी जुळवते. आई गेली तर तिरडी बांधायला, लाकडे आणायला, पाहुण्यांचे जेवण रांधायला भावकी येते. मुंबईत पहिल्यांदा गेलेल्या मुलाला खोलीत जागा गाववालेच देतात. त्याने देव सोडला, पण ज्या व्यवस्थेच्या खांद्यावर तो देव बसलेला आहे, तिच्याच खांद्यावर तोही बसून आहे. असा नास्तिक उदासीन दिसला तर नवल नाही. त्याचे काहीच अडलेले नाही.

ज्यांचे अडले होते, त्यांनी काय केले, याचा इतिहास महाड तालुक्यातच घडला आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असे जाहीरपणे विचारले. दासगावात लष्करातून निवृत्त झालेल्या महार कुटुंबांची वस्ती होती आणि तिथे शिकलेली माणसे होती. तिथेच वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म 1903 चा, लाडवलीचा. 1927 मध्ये महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेमागचे ते एक प्रमुख संघटक. बाजाराला आलेल्या अस्पृश्यांना घोटभर पाणीही मिळत नसे, अशा महाडात त्यांच्यासाठी चहाचे दुकान सुरू झाले. तिथे पाणी मिळे, अर्ज लिहून मिळे, बातमी कळे. परिषदेआधी कार्यकर्ते पायी गावोगाव हिंडले, माणसांना भेटले, वर्गणी आणि धान्य गोळा केले. 19 मार्च 1927 ला परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. वीरेश्वराच्या देवळात हे लोक घुसणार, अशी अफवा उठली, हल्ला झाला, आणि पुढे 108 घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून चालत महाडला आले. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1924 मध्ये ज्या नगरपालिकेने केला, तिच्यातले सुरेंद्रनाथ टिपणीस आणि परिषदेच्या कामात खपलेले अनंतराव चित्रे हे कायस्थ होते. तळ्याच्या हक्काचा कोर्टातला दावा मात्र दहा वर्षे चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 ला लागला.

या सगळ्यात देव आहे की नाही, यावर एकही सभा भरली नाही. माणसे पाण्यासाठी एकत्र आली. ग्रंथाचे प्रामाण्य त्यांनी आगीत टाकले, ते त्या ग्रंथाने त्यांचे पाणी तोडले होते म्हणून. आणि त्यांच्या बाजूला उभे राहिलेल्या सवर्णांनी स्वतःच्या जातीचा रोष ओढवून घेतला. हा भाग आपण विसरतो. त्यांनी नुसते मत दिले नाही, आपल्या भावकीत मिळणारी जागा पणाला लावली.

त्याच वर्षी जुलैत मुंबईत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. ते उघड नास्तिक. खटले झाले, दंड झाले, नोकरी आधीच गेली होती, तरी सव्वीस वर्षे त्यांनी ते मासिक एकट्याच्या हिमतीवर चालवले. 1953 मध्ये ते गेले आणि मासिक थांबले. त्यांचा विवेक कोणाहून कमी नव्हता. पण त्यांच्या मागे वर्गणी गोळा करणारा, पुढचा अंक छापून घेणारा गट नव्हता. एकट्याचे धैर्य त्याच्या आयुष्याएवढेच टिकते, ही गोष्ट मला कर्व्यांच्या प्रत्येक चरित्रातून बोचते.

आंबेडकरांनी हे ओळखले होते, असे मला वाटते. मनुस्मृती जाळणारा माणूस नुसत्या नकारावर थांबला असता, तर कोणी दोष दिला नसता. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि त्यानंतर एकवीस वर्षे विचार करून 14 ऑक्टोबर 1956 ला धम्म स्वीकारला. ईश्वर नसलेला, पण विहार, वंदना, प्रतिज्ञा, विवाह आणि अंत्यविधी असलेला. जुने देव मानणार नाही, हे बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट आहे. त्याच्या जोडीला नवे घर कसे वसवायचे, हेही आहे.

त्यामुळे महाड आणि पोलादपूरमध्ये ईश्वराशिवाय जगणारा, संघटित समाज नाही, असे म्हणताच येत नाही. तो प्रत्येक गावाच्या कडेला बौद्धवाडीत आहे. बुद्धजयंतीची वर्गणी तिथे निघते, 20 मार्च आणि 25 डिसेंबरला तिथली माणसे महाडला येतात, लग्न मुहूर्ताशिवाय लागते, मयताला माणसे जमतात. वरच्या आळीतला नास्तिक मात्र त्या वाडीकडे आपल्या विचाराचा शेजारी म्हणून पाहत नाही. आपण विज्ञानातून आलो आणि ते जातीतून आले, असे तो मनाशी धरून चालतो. खरे तर विज्ञान त्याला देवापासून दूर घेऊन आले, पण बौद्धवाडीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या त्या टोकाला नेऊ शकले नाही.

मोहल्ल्यातल्या नास्तिकाची वाट आणखी अवघड आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 22 मार्च 1970 ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्याआधी 1966 मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी विधानभवनावर नेला होता. हातात काम होते तलाकपीडित बाईचे. 1977 मध्ये ते गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न होता दहन झाले. मंडळ राहिले, कारण तलाक घेऊन दारात उभी राहणारी बाई राहिली.

नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती बांधली तेव्हा देवाधर्माविषयी तटस्थ राहायचे ठरवले. अनेक कडव्या नास्तिकांना ही तडजोड वाटली. मला ती संघटकाची समज वाटते. बुवा फसवतो आहे, जातपंचायत घर मोडते आहे, तिथे उभे राहायला देव मानणाराही येतो. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला. चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. शाखा चालू राहिल्या. त्यांच्याकडे रोजचे काम होते, म्हणून त्या चालू राहिल्या.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. विधी, वर्गणी, मंडळ हे सगळे आले की नास्तिकांचाच एक पंथ होईल, त्यालाही मानकरी येतील आणि तोही एक दिवस कोणाला तरी वाळीत टाकील. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा इलाज एकटे राहणे हा नाही. सदस्याला केव्हाही निघून जाता आले पाहिजे, हिशेब उघडा असला पाहिजे, आणि मदत मागणाऱ्याला त्याचे मत विचारले जाऊ नये. गावकी आणि संघटना यांतला फरक इथे आहे.

मग करायचे काय? जोतीरावांनी 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटाविना पहिले लग्न लावले. तीन महिन्यांत. त्यांचा निर्मिकावर विश्वास होता, पण त्यांचा क्रम आपल्याला शिकण्यासारखा आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दहा माणसांनी तीन कामे अंगावर घ्यावीत. कोणाच्या घरी मयत झाले आणि विधी नको असला, किंवा भावकीने पाठ फिरवली, तर रात्री-अपरात्री जाऊन खांदा द्यायचा, देहदान-नेत्रदानाचे कागद करून द्यायचे. आंतरजातीय किंवा नोंदणी लग्न करणाऱ्या जोडप्याला तीस दिवसांच्या नोटिशीच्या काळात राहायला जागा आणि साक्षीला माणूस द्यायचा. वाळीत टाकलेल्या घराशी व्यवहार चालू ठेवायचा, त्याच्या दुकानातून सामान घ्यायचे, आणि तक्रार नोंदवायला त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात बसायचे. या दहांत मराठवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला आणि कातकरीवाडी अशी सगळीकडची माणसे नसतील, तर ती भावकीच होईल, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायचे.

देव नाही, हे पटवून देण्यात आपण फार वर्षे घालवली. गावातल्या माणसाला त्याहून साधा प्रश्न पडलेला असतो: भावकीने सोडले तर माझ्या दारात कोण येईल? याचे उत्तर देणारी दहा नावे आणि त्यांचे फोन नंबर ज्या दिवशी महाडच्या बाजारात आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडवर लोकांना ठाऊक होतील, त्या दिवसापासून देव न मानणाऱ्याला बैठकीत गप्प बसण्याचे कारण उरणार नाही. तोवर त्याच्या उदासीनतेला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.