सेकंदकांट्याची साक्ष

गेल्या महिन्यांत आमचें जुनें घड्याळ आमच्या हातून फरशीवर पडलें. घड्याळ तसें मोलाचें नव्हे. १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगळुरास जो सरकारी कारखाना निघाला, आणि ज्याची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला, त्या एच. एम. टी.चें तें चावीचें घड्याळ. वडिलांच्या मनगटावरून आमच्या मनगटावर आलेलें, एवढीच त्याची मातब्बरी. पडल्यावरही तें चालूच होतें. फक्त त्याचा सेकंदकांटा निखळून कांचेखालीं इकडून तिकडे लोळूं लागला होता. शुक्रवार पेठेंतील आमच्या नेहमींच्या घड्याळजींकडे तें नेलें. त्यांनीं डोळ्याला भिंग लावून पाहिलें आणि म्हटलें, "सर, मशीन ठणठणीत आहे. कांटा मात्र गेला. दुसऱ्या एखाद्या जुन्या घड्याळाचा शोधून बसवावा लागेल, थोडे दिवस लागतील. नाहीं बसवला तरी वेळ दाखवायला कांहीं अडत नाहीं. तुम्हांला सेकंदकांटा लागतो का?"

प्रश्न साधा होता; पण त्याचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. "विचार करून सांगतों," असें म्हणून आम्ही दुकानाची पायरी उतरलों. घड्याळजींना त्याचें नवल वाटलें असावें. तो विचार आतां येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

व्यवहारांत सेकंदाची गरज तरी कितीशी? कॉलेजांतील तास घंटेवर सुरू होतो व घंटेवर संपतो. आगगाडीचें वेळापत्रक मिनिटांच्या खालीं उतरत नाहीं. स्वयंपाकघरांत भाताला लागणारा वेळ कोणी सेकंदांत मोजीत नाहीं. अध्यापनाच्या तीस वर्षांत सेकंदकांटा आम्हीं खरोखर कामास लावला, असे प्रसंग आम्हांस दोनच आठवतात. ते यथाकाल सांगूं. आणि तरीही, सेकंदकांटा नसलेलें घड्याळ मनगटावर बांधून पाहावें, तों दर घटकेस तें कानाशीं नेऊन "चालू आहे ना?" अशी खात्री करून घ्यावीशी वाटते. हें कां व्हावें?

याचें एक कारण नैयायिकांच्या भाषेंत चांगलें सांगतां येतें. सूर्य चालतांना कोणास दिसत नाहीं. तो मघां एका ठिकाणीं होता व आतां दुसऱ्या ठिकाणीं आहे, यावरून त्याची गति आपण अनुमानानें जाणतों. न्यायभाष्यांत वात्स्यायनानें अनुमानाचा एक प्रकार समजावून देतांना हेंच उदाहरण घेतलें आहे. तासकांटा व मिनिटकांटा यांची जात सूर्याचीच. ते चालले होते, असें आपणांस मागाहून कळतें. चालतांना ते दिसत नाहींत. घड्याळाच्या तबकडीवर ज्याची गति प्रत्यक्ष दिसते असा कांटा एकच. काळ किती झाला हें पहिले दोन कांटे सांगतात. काळ जात आहे हें तिसरा दाखवितो. माहिती पहिल्या दोघांकडे आहे, साक्ष तिसऱ्याकडे.

आमच्या पूर्वजांना काळाचे इतके सूक्ष्म भाग ठाऊक नव्हते असें मात्र नाहीं. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेचीं ६० पळें, पळाचीं ६० विपळें, ही गणना पंचांग पाहणाऱ्या प्रत्येकास परिचित आहे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथांत ज्या शास्त्राचा इतिहास लिहिला, त्या शास्त्राचा हा पायाच होय. आजच्या मापानें पळ म्हणजे २४ सेकंद व विपळ म्हणजे सेकंदाचे दोनपंचमांश. पण गणिताला विपळ ठाऊक असलें, तरी यंत्राला तें ठाऊक नव्हतें. तळाशीं भोंक पाडलेलें तांब्याचें घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवावें, तें भरून बुडालें कीं एक घटिका झाली. लग्नघटिका भरल्याचें पुरोहित सांगत असे तें याच पात्राकडे पाहून. तें बुडण्याच्या क्षणीं बोलतें. मधल्या चोवीस मिनिटांत तें जवळजवळ मुकें असतें. सूक्ष्म काळाकरितां आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्याचें शरीरच माप म्हणून घेतलें. सूर्यसिद्धांतांत सहा प्राणांचें एक पळ सांगितलें आहे. प्राण म्हणजे निरोगी मनुष्याचा एक श्वासोच्छ्वास, चार सेकंदांचा. अहोरात्रांत असे २१,६००. या हिशेबानें सेकंदकांट्याच्या एका फेऱ्यांत पंधरा श्वास येतात. वाचकांनीं स्वस्थ बसून मोजून पाहावें. शास्त्रकार फारसे चुकलेले दिसणार नाहींत.

आतां घड्याळाच्या पोटांत डोकावूं. चावीच्या घड्याळांत मुख्य कमानीची शक्ति चाकांच्या मालिकेंतून पुढें जाते, आणि अखेरीस केसासारख्या बारीक कमानीवर झुलणारें एक चाक तिला अडवून अडवून थोडी थोडी सोडतें. ही बारीक कमान १६७५ सालीं हायगेन्सनें घड्याळांत आणली. त्यापूर्वींचीं खिशांतलीं घड्याळें मिनिटाचीही खात्री देऊं शकत नसत, मग सेकंदाची गोष्ट कशाला? जुन्या पद्धतीच्या घड्याळांत हें झुलतें चाक तासाला १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदाला पांच. जाऊन परत येण्याचा त्याचा एक पूर्ण झोका सेकंदाच्या दोनपंचमांशांत, म्हणजे बरोबर एका विपळांत, पुरा होतो! हें कोणी जाणून केलेलें नाहीं. दोन्हीं गणना साठाच्या पटींतल्या, म्हणून हा मेळ बसला एवढेंच. पण विपळाला आमच्याकडे शेंकडों वर्षें नुसतें नांव होतें. त्याला देह मिळाला तो परक्या कारागिरांच्या हातून, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते.

या मालिकेंतील चौथें चाक मिनिटांत एक फेरा करतें. त्याच्याच आंसावर एक बारीक कांटा टोचला कीं सेकंदकांटा आयता तयार होतो. जुन्या घड्याळांच्या तबकडीवर सहाच्या आंकड्याजवळ जें लहानसें वर्तुळ दिसतें तें यामुळें. तें सजावटीसाठीं तेथें काढलेलें नाहीं, चौथें चाकच तेथें आहे. पुढें तोच कांटा लांब करून मध्यभागीं आणला गेला; त्याकरितां चाकांची रचना बदलावी लागली किंवा एखादें चाक वाढवावें लागलें. कांटा लांब होतांच त्याचा भार गाड्यावर पडूं लागला. म्हणून तो गवताच्या काडीसारखा बारीक करून, त्याच्या मागील टोंकास तोलासाठीं लहानशी शेंपटी देण्यांत आली. म्हणजे जो कांटा सर्वांत अधिक धांवतो, त्याला सर्वांत कमी वजन बाळगण्याची मुभा आहे.

त्याच्या चालीचाही इतिहास मौजेचा आहे. वेधशाळांतील लंबकाच्या घड्याळाचा कांटा दर सेकंदाला एक उडी घेई, कारण ज्योतिष्याला दुर्बिणीवरून डोळा न काढतां कानानें सेकंद मोजावे लागत. तशीच उडी खिशांतल्या घड्याळांत आणावयाची तर निराळी यंत्रणा लागे. म्हणून उडी घेणारा सेकंदकांटा ही दुर्मिळ आणि महागडी चैन होती. २५ डिसेंबर १९६९ रोजीं सेइको कंपनीनें टोकियोंत स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ विक्रीस आणलें, आणि सगळेंच उलटलें. या घड्याळाची बॅटरी जपून वापरण्याकरितां कांटा सेकंदाला एकदांच हलविला जाऊं लागला. कालपर्यंत जी उडी श्रीमंतीची खूण होती, ती आज स्वस्ताईची ठरली. आणि साध्या चावीच्या घड्याळाची सळसळती चाल प्रतिष्ठेची झाली. सौंदर्य वस्तूंत कीं पाहणाऱ्याच्या मनांत, या जुन्या वादाला इतका उघड दाखला क्वचितच मिळेल. त्यांतही ही सळसळ खरी वाहती नव्हेच. ती सेकंदाला पांच लहान उड्यांची आहे, डोळाच त्या सांधून घेतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत म्हटलें आहे कीं, क्षण तेवढा खरा. मुहूर्त आणि अहोरात्र हे बुद्धीनें केलेले समाहार. सेकंदकांटा वाहतांना पाहणाऱ्याची बुद्धि हेंच करीत असते.

येथवर त्याची स्तुति झाली. आतां त्याच्यावरील आरोप. सेकंदकांटा जितकें दाखवितो तितकें घड्याळास ठाऊक नसतें. निवडक यांत्रिक घड्याळांना जें उंची प्रमाणपत्र मिळतें, त्याची अटदेखील दिवसाला सरासरीनें चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें एवढी सूट देते. आमच्यासारख्यांचें घड्याळ अर्धें-पाऊण मिनिट सहज चुकतें. शिवाय ज्या प्रमाणवेळेशीं तें जुळवावयाचें, ती तरी काय? १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानभर जी एक वेळ ठरली, तिच्याप्रमाणें पुण्यास सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीनें साडेबाराच्याही सुमारें साडेचार मिनिटांनंतर. म्हणजे तासकांटा आणि मिनिटकांटा एक सोयीची तडजोड दाखवीत असतात, आणि तिच्या शेवटल्या टोंकाला बसून हा बारीक कांटा सेकंदाच्या सत्याचा आव आणतो.

हा आव आम्हांस एकदां भोंवला. खरें म्हणजे दुसऱ्यास भोंवला. पंचवीस एक वर्षांपूर्वीं एका परीक्षेंत दालनाचे दार आमच्याकडे होतें. पेपर अकराला सुरू झाला. अर्ध्या तासानंतर कोणास आंत घ्यावयाचें नाहीं, असा नियम. बाहेरगांवचा एक विद्यार्थी धापा टाकीत दारांत आला. आम्हीं घड्याळ पाहिलें. साडेअकरा होऊन वीस सेकंद झाले होते. आम्हीं त्याला घड्याळ दाखविलें. तो कांहीं बोलला नाहीं. कांट्याकडे पाहिलें आणि परत गेला. संध्याकाळीं आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वींच्या ठोक्याशीं घड्याळ ताडून पाहतों, तों आदल्या संध्याकाळीं याच ठोक्यावर लावलेलें घड्याळ चाळीस सेकंद पुढें गेलेलें! त्या हिशेबानें साडेअकराच्या सुमारास तें निदान पंचवीस सेकंद पुढें होतें. मुलगा वेळेंत आला होता. आम्हीं ही गोष्ट कोणास सांगितली नाहीं. त्या मुलाचें पुढें काय झालें याचीही चौकशी केली नाहीं. चूक घड्याळाची होती, पण हें न सांगणें व न विचारणें आमचें होतें.

दुसरा प्रसंग वडिलांच्या अखेरच्या दुखण्यांतला. नाडी मोजण्याचा आणि घड्याळाचा संबंध जुना आहे. आमच्या शार्ङ्गधरानें नाडीची चाल जळू, साप, बेडूक, हंस यांच्या चालींवरून ओळखावयास सांगितलें. तेथें मोजणी नाहीं, पारख आहे. इंग्लंडांत सर जॉन फ्लॉयर यानें एक मिनिट चालणारें घड्याळ नाडीकरितां मुद्दाम बनवून घेतलें आणि १७०७ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. वडिलांची नाडी मधूनच चुकत असे, म्हणून डॉक्टरांनीं रात्रीं दर तासाला पुरें एक मिनिट मोजावयास सांगितलें होतें. घड्याळ तेंच, चाळीस सेकंदांची त्याची खोडही तीच. एका हातांत त्यांचें मनगट, आणि नजर कांट्यावर. फेरा पुरा झाला कीं ते क्षीण आवाजांत विचारीत, "किती?" आम्ही आंकडा सांगत असूं. "नीट मोजलेंस ना?" असें ते पुन्हां विचारीत, सारा जन्म विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यांत गेला होता त्यांचा. नीटच मोजली होती. दिवसाला चाळीस सेकंद चुकणारें घड्याळ एका मिनिटांत सेकंदाचा छत्तिसावा भाग तेवढें चुकतें. त्यानें नाडीचा एक ठोकाही इकडचा तिकडे होत नाहीं.

एकच घड्याळ, एकच कांटा. दारांत तो खोटा ठरला आणि बिछान्यापाशीं खरा. कारण दारांत आम्हीं त्याला "आतां किती वाजले?" असें विचारलें, आणि बिछान्यापाशीं "किती वेळ गेला?" असें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतेंच, दुसऱ्याचें होतें. काळांतील स्थान सांगण्यास तो अपात्र आहे, काळाचा अवधि सांगण्यास तो समर्थ आहे. आम्ही मात्र त्याच्या बारीकपणास अचूकपणा समजलों.

कोणी म्हणेल, नियम म्हटला कीं रेषा कोठें तरी ओढावीच लागते. वीस सेकंद माफ केले तर चाळीस कां नाहींत? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. रेषा असावी. पण ती सर्वांस ऐकूं येणाऱ्या घंटेनें ओढावी, एकाच्या मनगटावरील कांट्यानें नव्हे. आणि जेथें आपल्या मापावांचून दुसरें साधन नाहीं, तेथें त्या मापांत जेवढी चूक संभवते तेवढ्या चुकीचा फायदा समोरच्या मनुष्यास द्यावा, हा न्याय आहे. त्याला दया म्हणण्याचें कारण नाहीं. घड्याळापुरतेंच हें खरें आहे असेंही नाहीं. उत्तरपत्रिकेवर अर्धा गुण कापणारे आम्ही, पस्तीस आणि साडेचौतीस यांतला फरक आमच्या पारखीस खरोखर दिसतो का, हें स्वतःला किती वेळां विचारतों?

आठ दिवसांनीं घड्याळजींकडे गेलों आणि कांटा बसवा असें सांगितलें. त्यांनीं डब्यांतून एक कांटा शोधून ठेवलाच होता. दुसऱ्या कुठल्याशा घड्याळाचा, टोंकाशीं तांबडा. चिमट्यानें तो बसवून त्यांनीं चावी दिली, घड्याळ कानाशीं धरलें, मग आमच्या हातीं दिलें. "रोज थोडें पुढें जाईल हं," ते म्हणाले. ठाऊक आहे, असें आम्हीं म्हटलें.