द्यूतगृहातील आतिथ्य आणि दानाचे स्वरूप

दान या शब्दाचा अर्थ वरवर पाहता सोपा आहे. आपल्या सत्तेतील वस्तू दुसऱ्यास देणे आणि दिल्यानंतर तिच्यावरील व घेणाऱ्यावरील आपला हक्क सोडणे, याला दान म्हणतात. परंतु देण्याची क्रिया डोळ्यांस दिसते, देणाऱ्याचा हेतू दिसत नाही. पारधी दाणे टाकतो, सावकार कर्ज देतो आणि माता लेकरास घास भरविते. तिघांचाही हात देण्यासाठीच पुढे होतो, फळ मात्र तिन्ही ठिकाणी भिन्न असते. म्हणूनच गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस असे दानाचे तीन भेद सांगून परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले दान राजस ठरविले आहे. या भेदाची कसोटी लावून पाहावी असे एक स्थळ आजच्या जगात आहे. ते म्हणजे अमेरिकेतील लास वेगास हे नगर.

नेवाडा हे अमेरिकेतील एक वाळवंटी राज्य. मंदीच्या दिवसांत, १९३१ च्या मार्च महिन्यात, त्या राज्याने जुगार कायदेशीर केला आणि पुढे लास वेगास ही जुगाराची जगप्रसिद्ध पेठ बनली. तेथील मुख्य रस्त्याच्या दुतर्फा प्रचंड हॉटेले उभी आहेत आणि त्यांच्या तळमजल्यावर द्यूतगृहे, म्हणजे कॅसिनो, आहेत. खोलीकडे, भोजनगृहाकडे वा नाट्यगृहाकडे जाणारी वाट बहुधा द्यूतगृहातूनच जाते. तेथे भिंतीवर घड्याळ आणि बाहेरचा उजेड आत आणणारी खिडकी सहसा नसते, त्यामुळे रात्र सरून दिवस उजाडल्याचे कळत नाही. खेळत बसलेल्या मनुष्यास मद्य विनामूल्य मिळते. सुट्टीसाठी जाणाऱ्या प्रवाशास जाणते लोक एक ठराविक उपदेश करतात: प्रथम खेळाडूचे कार्ड काढावे आणि प्रत्येक डावास ते दाखवावे, म्हणजे खोली, जेवण, कार्यक्रमाची तिकिटे आणि रात्रीच्या नृत्यगृहातील प्रवेश फुकट पदरात पडतो. या फुकट वस्तूंना तेथे ‘कॉम्प’ म्हणतात.

हे दान कोणत्या हिशेबाने दिले जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. मनुष्य किती हरला यापेक्षा तो सरासरीने किती हरेल, हे द्यूतगृह पाहते. त्यासाठी चार गोष्टींचा गुणाकार करतात: एका डावाची सरासरी पैज, तासातील डावांची संख्या, खेळाचे तास आणि त्या खेळातील घरमालकाचा वाटा. रूलेट नावाच्या चक्राचे उदाहरण घ्यावे. अमेरिकन चक्रास एकंदर ३८ घरे असतात. १ ते ३६ हे आकडे आणि दोन शून्ये. एका आकड्यावर पैसे लावून जिंकल्यास ३५ पट मिळतात. खेळ समतोल असता तर ३७ पट मिळावयास हवे होते. या दोन पटींच्या उणिवेमुळे प्रत्येक शंभर डॉलरांमागे सरासरी ५.२६ डॉलर घराकडे राहतात. एकच शून्य असलेल्या चक्रात हा वाटा २.७० असतो आणि अलीकडे काही ठिकाणी मांडलेल्या तीन शून्यांच्या चक्रात तो ७.६९ होतो. समजा, एका प्रवाशाने दोन शून्यांच्या चक्रावर दर डावास २५ डॉलर, तासाला ४० डाव, याप्रमाणे चार तास खेळ केला. त्याने एकंदर ४,००० डॉलरांच्या पैजा लावल्या आणि त्याचे अपेक्षित नुकसान सुमारे २१० डॉलर झाले. या रकमेचा चतुर्थांश भेट म्हणून परत करण्याचे घराने ठरविले, तर त्याला सुमारे ५३ डॉलरांचे भोजन मिळेल. तो आनंदाने म्हणेल, “जेवण फुकट मिळाले.” वस्तुतः त्याने आपल्याच पैशांतील एक घास पाहुणा म्हणून खाल्ला.

प्राचीन राजनीतीतही द्यूतगृहांचे उत्पन्न राजास वर्ज्य नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत व त्यांचे भाडे घ्यावे आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजभाग घ्यावा, अशी तेथे व्यवस्था आहे. शेकडा पाच आणि शेकडा ५.२६ हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले असता मोठे साम्य दिसते. परंतु दोहोंतील भेद साम्याहून मोठा आहे. कौटिल्याचा राजभाग जिंकलेल्याकडून आणि उघडपणे घेतला जातो. आधुनिक घराचा वाटा प्रत्येक पैजेतून निघतो आणि तो चक्राच्या रचनेतच मुरलेला असतो. घेणे लपलेले आहे आणि देणे मात्र तबकात घालून, नाव घेऊन, हसतमुखाने समोर आणले जाते. ज्या व्यवहारात घेणे झाकले जाते व देणे मिरविले जाते, तेथे दानाचे रूप असले तरी दान नसते.

येथे अशी शंका घेतली जाईल की, प्रवासी अज्ञानी नसतो. हे हिशेब छापील पुस्तकांतून सर्वांस उपलब्ध आहेत. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात कोणत्या प्रसंगी कोणती चाल करावी, याचे गणित १९५६ मध्ये चार अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केले आणि १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पत्त्यांची मोजणी ठेवून घरावर मात करण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. नियम अनुकूल असता शिकलेला मनुष्य त्या खेळात घराचा वाटा शेकडा अर्ध्यापर्यंत खाली आणू शकतो. मग ज्याने रक्कम आधी ठरविली, उत्तम खेळ निवडला आणि मिळेल ती भेट घेतली, त्याने कोणता दोष केला? तो करमणुकीची किंमतच देत नाही काय?

या शंकेत तथ्य आहे आणि ते नाकारणे न्यायाचे होणार नाही. ठरलेली रक्कम खर्चून मुकाट्याने उठणारा मनुष्य आणि नाटकाचे तिकीट काढणारा मनुष्य यांत हिशेबाच्या दृष्टीने फार अंतर नाही. परंतु शंका ज्या मनुष्याचे वर्णन करते, तो मनुष्य मेजावर बसण्यापूर्वीचा आहे. प्रश्न मेजावर बसल्यानंतरच्या मनुष्याचा आहे. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लो येथील द्यूतगृहात रूलेटचे चक्र लागोपाठ २६ वेळा काळ्या घरावर थांबले. आता तांबडे येणारच, अशा खात्रीने लोक प्रत्येक फेरीस अधिकाधिक द्रव्य तांबड्यावर लावीत गेले आणि हरले. चक्राला मागची फेरी आठवत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितले असते तर निवांत वेळी ते बहुतेकांना पटले असते. ज्ञान असणे आणि मोहाच्या क्षणी ते हाताशी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुकट मद्य, थांबलेला काळ आणि ‘आणखी थोडे खेळल्यास उद्याची खोलीही मिळेल’ हे आश्वासन, या तिहींची योजना नेमकी त्या दुसऱ्या गोष्टीवर घाव घालण्यासाठी असते. भेट मिळविण्यासाठी जो ठरविल्यापेक्षा एक तास अधिक खेळला, त्याने भेट घेतली नाही, भेटीनेच त्याला घेतले.

महाभारताच्या सभापर्वात हाच प्रकार विस्ताराने आला आहे. द्यूत मांडण्यापूर्वी धृतराष्ट्राने रत्नखचित सभा बांधविली आणि विदुराकरवी पांडवांस निमंत्रण धाडले. पांडव आले त्या दिवशी फासे कोणी काढले नाहीत. त्यांचे स्वागत झाले, उत्तम भोजन झाले आणि रात्री त्यांनी सुखाने निद्रा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सभेत गेले. आतिथ्य आधी आणि पण मागाहून, हा क्रम तेथे पूर्ण दिसतो. बोलाविले असता मागे फिरणे नाही, असे युधिष्ठिराचे व्रत होते. म्हणजे सद्गुणाच्या वाटेनेच तो जाळ्यात शिरला. दशमाध्यायात भगवान श्रीकृष्ण छळणाऱ्यांमधील द्यूत ही आपली विभूती सांगतात, त्याचा आशय येथे उलगडतो. इतर फसवणुकीत फसणाऱ्याचा विरोध असतो. द्यूतात त्याची संमती असते. जो छळ छळल्या जाणाऱ्याच्या हातून घडवून आणला जातो, तो सर्व छळांत श्रेष्ठ होय.

दुसराही एक विचार आहे. चतुर प्रवासी कमी खेळून अधिक भेट मिळवील, हे अशक्य नाही. पण ती भेट येते कोठून? द्यूतगृह शेती करीत नाही, कापड विणीत नाही. त्याच्या तबकातील प्रत्येक पदार्थ कोणाच्या तरी हरलेल्या पैशाचा असतो. त्यांत सहज खेळणारे असतात, तसे ज्यांना उठता येत नाही असेही असतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये जुगाराच्या अनावर ओढीची गणना विकारांत केली आणि २०१३ मध्ये तिला मद्य व अमली द्रव्ये यांच्या व्यसनांच्या पंक्तीस बसविले. चतुर पाहुणा चोर ठरत नाही. पण ज्या पंक्तीस तो बसला आहे, तिचा यजमान पडद्याआड बसून हरत असलेला एखादा रोगी असू शकतो, हे त्याने जाणले पाहिजे. भिक्षेचे अन्नही फुकटच असते. परंतु तेथे दाता आपल्या कष्टाचे देतो, समोर उभा राहून देतो आणि भिक्षू उद्या पुन्हा यावा अशी योजना करीत नाही. साधकाने ओळखीच्या घरी, आवडीच्या अन्नाच्या ओढीने भिक्षेस जाऊ नये, या आचारामागे हीच दृष्टी आहे. घेण्याने बंधन उत्पन्न होऊ नये.

आता कोणी म्हणेल की, सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या पूर्वचरित्रात, हरिपाळदेव या नावाने ते भडोच येथे असताना, द्यूतक्रीडेचा प्रसंग आहेच. मग द्यूतास इतका दोष का द्यावा? याचे उत्तर असे की, ईश्वराची लीला जीवाने अनुकरणासाठी पाहावयाची नसते, बोधासाठी पाहावयाची असते. तो प्रसंग जेथे वळतो ते स्थळ पाहावे. डावात हार झाली, द्रव्य देणे आले आणि पत्नी कमळाइसा यांच्याकडे अलंकार मागितले गेले. त्यांनी ते दिले नाहीत. त्या नकारातून औदासीन्य प्रकटले आणि पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून राज्यवैभवाचा त्याग घडला. बोध घेणाऱ्याने येथे फाशापेक्षा नकाराकडे पाहावे. हरणाऱ्याच्या वाटेत कोणीतरी ‘नाही’ म्हणून उभे राहिले आणि वाट वळली.

द्यूतगृहातील आतिथ्याची कसोटीही येथेच सापडते. तेथे सर्व काही मिळते. नकार तेवढा मिळत नाही. उशीर झाला, आता उठा, असे कोणी म्हणत नाही. हरणाऱ्याची खोली अधिक मोठी होते, त्याच्या मेजावरील ताट अधिक भरते. आप्तस्वकीय जेथे हात धरतील, तेथे घर हात जोडते. हा अभाव त्या देशातील लोकांसही जाणवला. १९५७ मध्ये लॉस एंजलिस येथे जुगाराने पीडित झालेल्यांनी एकमेकांस सावरण्यासाठी आपली मंडळी स्थापन केली. १९९६ मध्ये मिसुरी राज्याने अशी नोंदवही सुरू केली की, तीत मनुष्याने स्वतःचे नाव लिहावे आणि मग द्यूतगृहाने त्यास आत घेऊ नये. घरची कमळाइसा जवळ नसल्यामुळे मनुष्याने आपल्यासाठी नकार विकत न घेता मागून घेतला, असाच याचा अर्थ होतो.

हा विचार दूरच्या नगरापुरता नाही. गोव्यात १९७६ चा जुगारबंदीचा कायदा असून त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळास वाट मोकळी केली गेली. नंतर मांडवीच्या पात्रात द्यूतनौका उभ्या राहिल्या. २०२० मध्ये मात्र गोमंतकीयांना या द्यूतगृहांत खेळण्यास बंदी झाली. पाहुण्यांसाठी दार उघडे आणि घरच्यांसाठी बंद, या व्यवस्थेतच त्या खेळाविषयीचे घरमालकाचे खरे मत व्यक्त झाले आहे. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय शासनाने घेतला.

तात्पर्य, ज्यास अशा नगरी जाणे घडेल त्याच्यासाठी विवेकाचे नियम थोडे आहेत. जेवण हवे असेल तर मोल देऊन जेवावे, नृत्य पाहावयाचे असेल तर तिकीट काढून पाहावे. ज्याची किंमत आपणांस सांगता येत नाही ती भेट स्वीकारू नये. खेळणे झालेच, तर रक्कम आणि वेळ उंबरठ्याबाहेर ठरवावी, कारण आत ठरविणारा मनुष्य तोच राहत नाही. दुसऱ्याचा ज्यावर हक्क आहे, ते पत्नीचे अलंकार असोत वा मुलांच्या शिक्षणाचे पैसे असोत, पणास लावू नये. आणि सोबत असा एक मनुष्य असावा की ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपण आधीच दिलेला आहे. जो आपणांस सर्व काही देतो तो दाता असेलच असे नाही. जो योग्य वेळी देत नाही, त्याचे देणे पुष्कळदा मोठे असते.